निर्णय अंतिम, पण बेरीज दाखवा!

वक्तृत्व स्पर्धेचा निकाल लागला की ‘सेटिंग होतं’ म्हणून आपण मोकळे होतो. पण खरी गडबड बऱ्याचदा परीक्षकाच्या मनात नसते, त्याच्या समोरच्या कागदावर असते.

जानेवारी लागला की आमच्या मोहोपाड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रकं फिरायला लागतात. 3 तारखेला सावित्रीबाई, 12 ला जिजाऊ आणि विवेकानंद, मग शिवजयंती, मग 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येक दिवसाला धरून कुठे ना कुठे एक वक्तृत्व स्पर्धा. विषय पाच, वेळ सात मिनिटं, प्रवेश फी नाममात्र, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात तो नियम: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

हा नियम मी स्पर्धक म्हणून बरीच वर्षं वाचला. आता कधीमधी परीक्षक म्हणून बोलावणं येतं, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचतो. दोन्ही बाजूंनी तो सारखाच बोचतो, हे कुणी सांगितलं असतं तर कॉलेजात असताना माझा विश्वास बसला नसता.

निकालानंतरचा सीन तुम्हाला ठाऊकच आहे. स्मृतिचिन्हं वाटून होतात, फोटो होतात, हॉलमधल्या खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात होते आणि बाहेर वडापावच्या गाडीवर दुसरी सभा भरते. ‘पनवेलवाल्यांनाच देणार होते.’ ‘ते सर तिला क्लासला शिकवतात ना?’ ‘सेटिंग आहे सगळं.’ मीही या सभेत असायचो, आणि मोठ्या आवाजात असायचो.

सेटिंग होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतं. पण इतक्या स्पर्धा बघून माझं मत असं झालंय की दहातल्या आठ वेळा परीक्षक प्रामाणिक असतो, मन लावून ऐकतो, आणि तरीही निकाल चुकतो. कारण गुण कशाला द्यायचे आणि ते एकत्र कसे करायचे, हे कुणी धड ठरवलेलंच नसतं. मागच्या वर्षीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायची, वरची तारीख बदलायची, झालं.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

पाणी आणि पानी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्पर्धा जवळच्याच एका कॉलेजात होती, नाव महत्त्वाचं नाही. विषयांपैकी एक ‘पाणी’. बहुतेकांनी तोच घेतलेला, कारण त्यावर तयार भाषणं भरपूर मिळतात.

एक मुलगा आला. पांढरा शर्ट, खणखणीत आवाज, सुरुवातीला संस्कृत श्लोक, मध्ये दोन शेर, शेवटी मूठ वळून हात वर. प्रत्येक ‘ण’ जागच्या जागी, प्रत्येक ‘ळ’ ठसठशीत. भाषणात मात्र पृथ्वीवर किती टक्के पाणी आहे आणि त्यातलं पिण्याजोगं किती, याच्या पलीकडे काही नव्हतं.

त्याच्यानंतर तीन-चार नंबर सोडून एक मुलगी आली, डोंगराच्या अंगाच्या वाडीतली. ती म्हणाली, खाली पाताळगंगा बारा महिने वाहते. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी नदीला मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातही आटत नाही. त्या पाण्यावर एमआयडीसी चालते. आणि त्याच नदीकडे बघत माझी आई एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन उलट्या दिशेने डोंगर चढते, कारण आमचा झरा वर आहे. मग तिने विचारलं की नदी खाली आणि आम्ही वर, एवढंच कारण आहे, की आणखी काही आहे? प्रश्न टाकून ती दोन सेकंद थांबली. हॉल गप्प.

पण ती ‘पाणी’ म्हणत नव्हती. ‘पानी’ म्हणत होती. ‘डोळ्यांनी’चं ‘डोल्यांनी’. आणि मी, भाषेवर प्रेम वगैरे असलेला माणूस, प्रत्येक ‘पानी’ला मनातल्या मनात एकेक गुण कापत होतो.

गुणपत्रिकेत पाच रकाने होते, प्रत्येकी 20 गुण. मुलाला मी दिले: विषयाची मांडणी 11, भाषाशैली 17, शब्दोच्चार 18, हावभाव 17, एकूण प्रभाव 14. बेरीज 77. मुलीला: मांडणी 18, भाषाशैली 10, शब्दोच्चार 8, हावभाव 12, एकूण प्रभाव 16. बेरीज 64. मुलगा पहिल्या तिनात आला. मुलीला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्या कागदाचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो मी पुन्हा पाहिला, आणि चपापलो. ज्या दोन रकान्यांत भाषण म्हणून भाषणाचा विचार होतो, मांडणी आणि एकूण प्रभाव, त्या दोन्हींत मीच मुलीला पुढे ठेवलं होतं. आणि तरी ती 13 गुणांनी मागे पडली होती. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी ओळखीचं नव्हतं. मी एकटाच तिथे सेटिंग करून बसलो होतो.

कसं, ते बघा. भाषाशैली, शब्दोच्चार आणि हावभाव हे तीन वेगवेगळे रकाने दिसतात, पण बऱ्याच अंशी एकच गोष्ट मोजतात: मुलगा ‘वक्त्यासारखा’ वाटतो का? 100 पैकी 60 गुण त्यालाच. आणि काय बोलला याला फक्त 20. रसायनी-मोहोपाडा हा तर भाषेच्या बाबतीत भलताच गमतीचा भाग. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली, इथे तिचा कारखाना आणि कॉलनी उभी राहिली, मागोमाग इतर कारखाने आले, आणि नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची कुटुंबं येऊन राहिली. आजूबाजूची गावं आगरी, वाड्या ठाकूर आणि कातकरी. चांभार्ली, रीस, गुळसुंदे, आपटा, चौक अशी सगळीकडची पोरं एकाच स्टेजवर येतात. एकाच्या घरात प्रमाण मराठीच बोलतात, दुसऱ्याच्या घरात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. म्हणजे शब्दोच्चाराच्या 20 गुणांतला मोठा वाटा पहिल्याला जन्मतःच मिळालेला असतो. त्याने काही चोरलेलं नाही, पण कमावलेलंही नाही.

‘मग उच्चार बघायचेच नाहीत का?’ असं मला एका ज्येष्ठ परीक्षकांनी विचारलं होतं. बघायचे की! वक्त्याचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत कळलं पाहिजे. शब्द गिळले, वाक्याचा शेवट आवाजात बुडाला, दम लागला म्हणून भलत्याच ठिकाणी तोडलं, तर गुण कापा. तो स्पष्टपणाचा भाग आहे. पण ‘पानी’ म्हटल्यावर हॉलमधल्या एकालाही पाण्याऐवजी दुसरं काही समजलं नव्हतं. स्पष्ट आणि शुद्ध हे दोन निराळे शब्द आहेत, आणि आपल्या गुणपत्रिका त्यांना एकाच रकान्यात कोंबतात.

गाडगेबाबा वऱ्हाडीत बोलायचे. समोर बसलेल्या लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. त्यांना आपली गुणपत्रिका लावा आणि किती मिळतात ते बघा. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण हवं तर अलिबागकडचा चरीचा शेतकरी संप घ्या. 1933 ते 1939, सहा वर्षं कुळांनी जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. नारायण नागू पाटलांनी ज्यांना त्या संपासाठी उभं केलं, ते लोक काही कुणाच्या ‘ळ’वर भाळून उपाशी राहिले नसणार.

जगभरच्या टोस्टमास्टर्स क्लबांच्या भाषण स्पर्धेची गुणपत्रिका मी नंतर पाहिली. 1924 पासून चालत आलेली ही संस्था भाषणाला 100 गुण असे वाटते: आशय आणि त्याची बांधणी 50, सादरीकरण 30, भाषा 20. माझा तो जुना कागद मी या मापाने पुन्हा मांडून बघितला. मुलीला मांडणीचे 50 पैकी 45, सादरीकरणाचे 30 पैकी 18, भाषाशैली आणि उच्चार मिळून 20 पैकी 9. एकूण 72. मुलाला साडेसत्तावीस, साडेपंचवीस आणि साडेसतरा. एकूण साडेसत्तर. म्हणजे ‘पानी’बद्दलचा माझा राग जसाच्या तसा ठेवूनही ती मुलगी पुढे गेली असती! फक्त रकाने बदलायचे होते.

हावभावांबद्दल आणखी एक. 2013 मध्ये चिया-जुंग त्साय या संशोधक बाईंनी शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांच्या छोट्या क्लिप लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून फक्त व्हिडिओ दाखवला. विजेते जास्त बरोबर कुणी ओळखले? ज्यांना आवाजच नव्हता त्यांनी. मुरलेल्या संगीतकारांचंही तेच झालं. संगीताच्या स्पर्धेत जर डोळे कानांवर कुरघोडी करत असतील, तर मूठ वळून हात वर करणाऱ्या वक्त्यासमोर आमची काय कथा! तेव्हापासून मी प्रत्येक भाषणातला मिनिटभर खाली मान घालून नुसता ऐकतो. समोरच्याला वाटतं परीक्षक पेंगतायत. वाटू दे.

भाषणं तीच, विजेता वेगळा

रकाने सुधारले तरी अर्धंच काम झालं. आता बेरजेकडे या. इथे फार कुणाचं लक्ष नसतं, कारण बेरीज म्हणजे बेरीज, त्यात काय चुकणार?

एक उदाहरण घेऊ. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे 100 गुण. शेवटच्या चुरशीत तीन स्पर्धक: 4 नंबर, 9 नंबर आणि 11 नंबर. पहिले परीक्षक त्यांना अनुक्रमे 72, 69, 66 देतात. दुसरे 75, 73, 70. तिसरे 62, 85, 60.

नेहमीप्रमाणे बेरीज करा. 4 नंबरला 209, 9 नंबरला 227, 11 नंबरला 196. नऊ नंबर 18 गुणांनी जिंकला. दणदणीत!

आता नीट बघा. तिघांपैकी दोन परीक्षकांनी 4 नंबरला पहिलं ठेवलंय. पण ते दोघे हात आखडून गुण देणारे, त्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्यात पाच-सहा गुणांचाच फरक. तिसऱ्या परीक्षकांचा हात मोकळा, त्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्यात 25 गुण. म्हणजे तीन परीक्षक बोलावले, तिघांना शाल-श्रीफळ दिलं, पण निकाल एकट्याने लावला. त्यांच्या मनात काही काळंबेरं असण्याची गरजच नाही. स्वभावच तसा असतो. काही मास्तर सगळ्यांना 60 ते 70 मध्ये ठेवतात, काही 30 ते 90 पर्यंत फिरतात.

यावर उपाय म्हणून गुणांऐवजी क्रम धरा. प्रत्येक परीक्षकाच्या पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1. टोस्टमास्टर्समध्ये असंच करतात. तिथे गुणांचा कागद परीक्षकाने स्वतःचं मत ठरवण्यासाठी वापरायचा, मोजणीसाठी फक्त पहिले तीन क्रम लिहून द्यायचे. या हिशेबात 4 नंबरला 3+3+2, म्हणजे 8. नऊ नंबरला 2+2+3, म्हणजे 7. चार नंबर जिंकला.

थांबा, अजून आहे. तिसरी रीत म्हणजे टोकाचे गुण उडवायचे: प्रत्येक स्पर्धकाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा सोडून मधला धरायचा. 4 नंबरचा मधला आकडा 72. नऊ नंबरचा 73. नऊ नंबर एका गुणाने जिंकला!

भाषणं तीच, परीक्षक तेच, कागदावरचे आकडे तेच. फक्त ते एकत्र करायची रीत बदलली की करंडक वेगळ्या घरी जातो. वडापावच्या गाडीवर आम्ही ज्या निकालांना शिव्या घातल्या, त्यातल्या कितींची मेख इथे असेल याचा विचार करून आता हसू येतं. थोडं वाईटही वाटतं.

यातली कुठली रीत बरोबर? मला स्वतःला क्रमाची आवडते, कारण तीन माणसं बोलावली असतील तर तिघांचं मत सारखंच मोजलं गेलं पाहिजे. पण ती रामबाण नाही. तिसऱ्या परीक्षकांनी 85 दिले ते कदाचित बाकी दोघांना न दिसलेलं काही दिसलं म्हणून. क्रमाच्या रीतीत त्यांचं ते ‘अरे, हे काहीतरी वेगळंच आहे!’ दाबलं जातं. आणि परीक्षकाला मुद्दामच कुणाला पाडायचं असेल तर क्रमही त्याला रोखत नाही. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या फिगर स्केटिंगचा निकाल लागला तेव्हा तिथे क्रमाचीच रीत होती. एका फ्रेंच परीक्षकावर दबाव होता असं बाहेर आलं, गदारोळ झाला आणि शेवटी दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर त्या खेळाने गुणांची पद्धतच बदलली आणि टोकाचे आकडे उडवायला सुरुवात केली. त्यांना ते परवडतं, कारण त्यांच्याकडे परीक्षक खूप असतात. आपल्याकडे तिघे, त्यातला एक ट्रॅफिकमध्ये अडकलेला.

म्हणून माझा हट्ट रीतीपेक्षा वेळेबद्दल जास्त आहे. कुठलीही रीत घ्या, पण पहिला स्पर्धक उभा राहण्याआधी ठरवा आणि माइकवरून सांगा. बरोबरी झाली तर काय, तेही तेव्हाच. एकदा गुण कागदावर आले की मग कुणाची रीत ‘न्याय्य’, हे ठरवणाऱ्याला विजेता आधीच दिसत असतो.

पुरुषोत्तम करंडकाचं 2022 साल आठवतंय? महाविद्यालयीन एकांकिकांची पुण्यातली मोठी स्पर्धा, 1963 पासूनची. त्या वर्षी परीक्षकांनी मानाचा करंडक कुणालाच दिला नाही. केवढी चर्चा झाली! एक बाजू म्हणाली, दर्जा नव्हता तर का द्यायचा? दुसरी म्हणाली, आलेल्यांतलं सर्वांत चांगलं निवडणं हेच तर परीक्षकाचं काम, मुलांचा हिरमोड का करायचा? मला दोन्ही पटतं, आणि म्हणूनच वाटतं की आपल्या छोट्या स्पर्धांनी हा प्रश्न आधी सोडवावा. पहिला नंबर म्हणजे ‘आज आलेल्यांत पहिला’ की ‘एवढी उंची गाठणारा’? पत्रकात एक ओळ पुरते. आपली पत्रकं मात्र प्रमुख पाहुण्यांच्या नावांना अर्धं पान देतात.

चिठ्ठीत 1 नंबर आला की

चिठ्ठी उघडली आणि आत 1 दिसला की पोटात गोळा येतो, हे ज्याने कधी स्पर्धा केली त्याला सांगायला नको. तो गोळा खोटा नाही. बेल्जियममध्ये क्वीन एलिझाबेथ नावाची संगीताची मोठी स्पर्धा असते. तिथेही वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरतो. अर्थशास्त्रज्ञांनी तिचे बऱ्याच वर्षांचे निकाल तपासले तेव्हा दिसलं की अगदी आधी वाजवणारे अंतिम यादीत मागे राहतात. लॉटरीने ठरलेल्या क्रमाचा गुणवत्तेशी संबंध असायचं काही कारण नाही. पण परीक्षकाची पट्टी पहिल्या एक-दोघांवरच तयार होत असते. पुढे आणखी चांगलं येईल म्हणून तो हात राखून गुण देतो.

आपल्याकडे त्यात स्थानिक भर पडते. पहिल्या नंबरच्या भाषणात एक परीक्षक अजून दांड फाट्याला असतात. दुसऱ्याच्या वेळी चहा येतो. तिसऱ्याचं भाषण ऐन रंगात असताना प्रमुख पाहुणे येतात, सगळे उभे राहतात, सत्कार होतो, आणि मग सूत्रसंचालक म्हणतो, ‘हं, कर बाळा पुढे सुरू.’ हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. त्या बाळाची सात मिनिटं कुणी परत मोजत नाही.

हे सगळं बिनपैशात सुधारता येतं. स्पर्धेत नसलेल्या एखाद्या सिनिअरला सुरुवातीला पाच मिनिटं बोलायला लावा आणि परीक्षकांना त्याला गुण देऊ द्या. हे गुण कुठेच धरायचे नाहीत, फक्त तिघांची पट्टी जुळते. पहिल्या पाच भाषणांचे गुण पेन्सिलीने लिहा आणि पाचवं झाल्यावर एकदा मागे वळून बघा. पाहुण्यांचा सत्कार दोन भाषणांच्या मध्ये. वेळ बघणारा माणूस वेगळा ठेवा, परीक्षकाला घड्याळ बघायला लावू नका, आणि जास्तीच्या वेळेचे किती गुण कापायचे ते आधी ठरवा. कारण आत्ता काय होतं? आवडलेल्या वक्त्याने आठ मिनिटं घेतली तर परीक्षक ‘ओघात होता’ म्हणतो, न आवडलेल्याने घेतली तर ‘वेळेचं भान नाही’.

ओळखीपाळखीचं काय? कर्जत-खालापूर-पनवेल एवढ्याशा वर्तुळात परीक्षक आणि स्पर्धक एकमेकांना ओळखणारच. शिक्षक परीक्षक असतात, त्यांचेच विद्यार्थी स्पर्धक. ज्या परीक्षकाने एखाद्या स्पर्धकाला शिकवलंय किंवा भाषण लिहून दिलंय, त्याने सुरुवातीलाच तसं सांगावं आणि त्या एका भाषणाचे गुण बाकी दोघांनी द्यावेत. सांगायला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. नाव आणि कॉलेज न पुकारता फक्त नंबर पुकारा. हो, कॉलेजच्या ब्लेझरवरचा लोगो तरी दिसतोच, पण सूत्रसंचालकाने ‘अमुक कॉलेजची लाडकी वक्ता’ अशी ओळख करून देण्यापेक्षा ते बरं.

आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत अवघड गोष्ट: गुणपत्रिका स्पर्धकाच्या हातात द्या. आत्ता आम्ही परीक्षक ती घडी घालून संयोजकांना देतो आणि ती कपाटात जाते. त्या पाणीवाल्या मुलीला आजही माहीत नसेल की तिची मांडणी मला सगळ्यात जास्त आवडली होती. ती एवढंच घेऊन घरी गेली की आपला नंबर आला नाही. कदाचित तिला वाटलं असेल की आपल्याला बोलताच येत नाही. ती पुन्हा कुठल्या स्पर्धेत मला दिसली नाही. याचा मी माझ्याशी जमेल तितका कमी विचार करतो.

गुणपत्रिका देण्याला परीक्षक का घाबरतात, हे आता मला कळतं. भांडणं होतील म्हणून नाही. आपण लिहिलेलं आपल्याच लक्षात येईल म्हणून. 20 पैकी 8 कुणी बघणार नसेल तर हात सहज चालतो. समोरचा दहा मिनिटांनी तो कागद वाचणार असेल, तर 8 लिहिण्याआधी ‘का’ हे स्वतःला विचारावं लागतं.

गेल्या फेब्रुवारीत मोहोपाड्यात एक छोटी स्पर्धा झाली. सोळा स्पर्धक, संयोजक तुमच्याच वयाची कॉलेजची पोरं. मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, येतो, पण गुणपत्रिका मी सांगतो तशी हवी. त्यांनी तासभर माझ्याशी वाद घातला (आशयाला 50 खूप होतात, पाठ केलेलं भाषण चांगलंच असेल तर काय करणार, वगैरे, काही मुद्दे बरोबर होते). शेवटी आशय 45, सादरीकरण 30, भाषा आणि स्पष्टपणा 25 वर तडजोड झाली. ‘भाषा’च्या खाली त्यांनी स्वतःहून बारीक अक्षरात टीप टाकली की बोलीचे गुण कापू नयेत. अंतिम निकाल क्रमाने. हे सगळं सुरुवातीला एका मुलीने माइकवरून वाचून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली, इतकंच.

निकाल लागला. दोन परीक्षकांचं एकमत, माझं वेगळं. मी पहिला ठेवलेला दुसरा आला. मला तो निकाल आजही पटलेला नाही, पण तो कसा लागला हे मी कुणालाही कागदावर दाखवू शकतो.

मग गुणपत्रिका वाटल्या. मी चप्पल शोधत होतो, तेवढ्यात मागून ‘सर, एक मिनिट’ असा आवाज आला. चांभार्लीकडचा एक मुलगा, पाचव्या क्रमांकावर राहिलेला, एका हातात माझी गुणपत्रिका, दुसऱ्या हातात मोबाइलचा कॅलक्युलेटर. मनात म्हटलं, आलं भांडण.

‘सर, बेरीज चुकलीय.’

‘किती कमी दिले?’

‘कमी नाय सर. दोन मार्क जास्त दिलेत तुम्ही.’

मी पुन्हा मांडून बघितली. बरोबर होता तो. क्रम काही बदलत नव्हता. तरी मी 73 खोडून 71 केले, बाजूला सही केली आणि कागद त्याला परत दिला.